आभाराच्या ओळीतली क्लारा

कामं आवरलीत का? नसतील आवरली तरी हरकत नाही. हात चालू ठेवा, कान तेवढा इकडे द्या.

मध्यंतरी आमच्या गटाची बैठक चालू होती. एवढ्यात तिघीचौघींचे फोन एकदम वाजले. मेसेज होता, दुपारनंतर विजांसह पाऊस. झालं, बैठक तिथंच थांबली. कुणाचा कांदा अंगणात उघडा, कुणाची शेळी माळावर बांधलेली. ताडपत्र्या टाकून, शेरडं आत घेऊन सगळ्या तासाभरात परत आल्या. तेव्हा एकीनं विचारलं, "अगं, पावसाचं हे आधी कळतं तरी कसं? आभाळात तर ढगसुद्धा नव्हता." एक म्हणाली, उपग्रहामुळे. दुसरी म्हणाली, कॉम्प्युटरमुळे. दोघींचंही बरोबर होतं. पण कॉम्प्युटरला आभाळाचं गणित जगात पहिल्यांदा करायला लावलं, तेव्हा त्या कामात एक बाई होती. गणितात आपल्याला काही कळत नाही, असं ती स्वतःबद्दल सांगायची. आज तिची गोष्ट सांगते.

तिचं नाव क्लारा. घरचे तिला क्लारी म्हणायचे. माहेरचं आडनाव दान. हे दान आपल्या दानधर्मातलं नव्हे आणि सारीपाटातलंही नव्हे, ते त्यांच्याकडचं आडनाव. पण सारीपाटातलं दान ध्यानात असू द्या, पुढे ते लागणार आहे.

क्लाराचा जन्म १८ ऑगस्ट १९११ चा, हंगेरी देशातल्या बुडापेस्ट शहरातला. हंगेरी हा युरोपातला देश, चारी बाजूंनी जमीन, समुद्र कुठेच नाही. बुडापेस्टच्या मधून डॅन्यूब नदी वाहते. क्लाराचं घर ज्यू धर्माचं आणि खाऊनपिऊन सुखी. पहिल्या महायुद्धात वडील सैन्यात अधिकारी होते. युद्धानंतर देशात उलथापालथ झाली तेव्हा हे कुटुंब काही काळ शेजारच्या व्हिएन्ना शहरात जाऊन राहिलं आणि मग परत आलं. मुलगी मोठी चपळ. बर्फावर लोखंडी पात्यांचे बूट घालून नाचत घसरायचा एक खेळ असतो, त्यात ती चौदाव्या वर्षी देशात पहिली आली. १९२९ मध्ये शाळा संपली. गणित म्हणाल तर शाळेपुरतं बीजगणित आणि त्रिकोणमिती. तेही कसं पार पडलं? तिनंच आठवणींत लिहून ठेवलंय. आपल्याला यातलं अक्षरही कळलेलं नाही, हे तिनं मास्तरांना सरळ सांगून टाकलं. तो खरेपणा मास्तरांना आवडला आणि त्यांनी तिला पास केलं.

विसाव्या वर्षाच्या आसपास तिचं पहिलं लग्न झालं. ते टिकलं नाही. दुसरं झालं, तेही टिकलं नाही. पहिल्या नवऱ्याबरोबर ती एकदा मॉन्टे कार्लो नावाच्या समुद्रकाठच्या गावी गेली होती. जुगाराच्या अड्ड्यांसाठी ते गाव जगभर प्रसिद्ध आहे. तिथं तिला बुडापेस्टचाच एक माणूस भेटला. हातात कागदांचा गठ्ठा, कागदांवर आकडेमोड. जिंकायची युक्ती सापडली म्हणत होता आणि हरत होता. शेवटी खिसा रिकामा झाला आणि त्याच्या पेयाचे पैसे क्लारालाच द्यावे लागले. हा माणूस म्हणजे जॉन फॉन नॉयमन, त्या काळातला जगातल्या मोठ्या गणितींपैकी एक. पुढे काही वर्षांनी दोघांची बुडापेस्टमध्ये पुन्हा गाठ पडली. त्याचंही पहिलं लग्न मोडलं होतं. नोव्हेंबर १९३८ मध्ये दोघांनी लग्न केलं आणि ती त्याच्याबरोबर अमेरिकेला, प्रिन्स्टन या गावी राहायला गेली.

आता ते वर्ष लक्षात घ्या. १९३८. शेजारच्या जर्मनीत हिटलरचं राज्य होतं. हंगेरीतही त्याच वर्षी ज्यू लोकांच्या नोकऱ्यांवर बंधनं घालणारा कायदा झाला. पुढे १९४४ मध्ये हंगेरीतल्या चार लाखांहून जास्त ज्यू माणसांना रेल्वेच्या डब्यांत कोंबून नेण्यात आलं, आणि त्यांतली बहुतेक मारली गेली. क्लारा वेळेत बाहेर पडली. १९३९ मध्ये परत जाऊन तिनं आईवडिलांनाही अमेरिकेत आणण्याची सोय केली. पण वडिलांचं मन तिथं लागलं नाही. गाव गेलं, धंदा गेला, भाषा गेली, मान गेला. त्याच वर्षाच्या शेवटी त्यांनी रेल्वेखाली जीव दिला. क्लारा तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती.

प्रिन्स्टनमध्ये नवऱ्याच्या संस्थेत आइन्स्टाइनसारखी माणसं काम करत. घरी पाहुण्यांचा राबता असायचा. चारी बाजूंना डोंगराएवढी हुशार माणसं, आणि त्यांच्यात ही शाळेपुरतं शिकलेली बाई, परक्या देशात. पुढे तिनं आपल्या आठवणी लिहायला घेतल्या, तेव्हा त्यांना नाव दिलं 'खूप उंच गवतातला नाकतोडा'. उंच गवत म्हणजे ती मोठी माणसं आणि नाकतोडा म्हणजे आपण. मैत्रिणींनो, हे नाव ऐकून थोडं थांबा. आपल्यापैकी किती जणींना बँकेत, पंचायतीत, तालुक्याच्या मीटिंगमध्ये असंच वाटतं?

दुसरं महायुद्ध सुरू झालं. माणसं लढाईवर गेली आणि मागं राहिलेली कामं बायकांनी उचलली. क्लारालाही प्रिन्स्टन विद्यापीठात काम मिळालं, लोकसंख्येच्या अभ्यासाचं. किती जन्म, किती मृत्यू, पुढच्या वर्षांत माणसं किती होतील, असे आकडे मांडायचे. इथं तिला पहिल्यांदा कळलं की आपला हात आकड्यांवर चालतो.

आता एक गंमत सांगते. त्या काळी 'कॉम्प्युटर' हा शब्द यंत्राला नव्हता, माणसाला होता. आकडेमोड करणारी व्यक्ती ती कॉम्प्युटर, आणि या कामावर बहुतेक बायकाच असायच्या. तोफेचा गोळा कुठे पडेल याचा एक हिशेब टेबलावरच्या छोट्या यंत्रानं करायला एका बाईला तीस-चाळीस तासही लागत. असे हिशेब हजारोंनी लागायचे. म्हणून अमेरिकेच्या सैन्यानं फिलाडेल्फिया शहरातल्या विद्यापीठाकडून एक भलं मोठं यंत्र बनवून घेतलं. त्याचं नाव एनियाक. वजन तीस टन. आत बल्बसारख्या दिसणाऱ्या सुमारे अठरा हजार काचेच्या नळ्या. सेकंदाला पाच हजार बेरजा. तोफगोळ्याचा तोच हिशेब ते अर्ध्या मिनिटात करायचं.

या एनियाकवर सुरुवातीला हिशेब बसवणाऱ्या सहाही जणी बायकाच होत्या. के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रॅन बिलास आणि रूथ लिख्टरमन. फेब्रुवारी १९४६ मध्ये हे यंत्र जगाला दाखवलं. त्या दिवशी त्यानं जो हिशेब करून दाखवला तो या बायकांनी बसवला होता. रात्री मोठी मेजवानी झाली. तिचं आमंत्रण मात्र यांना नव्हतं.

हे यंत्र वापरणं सोपं नव्हतं. प्रत्येक नव्या हिशेबासाठी शेकडो तारा एका ठिकाणच्या काढून दुसऱ्या ठिकाणी खोचाव्या लागत. त्यात दिवसच्या दिवस जात. मग ठरलं, की तारा कायमच्या एका पद्धतीनं लावून ठेवायच्या आणि यंत्राला आज्ञा द्यायच्या आकड्यांत. अमुक आकडा म्हणजे बेरीज, अमुक म्हणजे गुणाकार, अमुक म्हणजे मागं जा आणि पुन्हा कर. काम बदललं की फक्त आज्ञांची यादी बदलायची. आज आपल्या हातातला फोन याच तत्त्वावर चालतो. अशी आज्ञांची यादी म्हणजे प्रोग्राम, आणि ती लिहायचं काम म्हणजे कोडिंग.

हे काम किती किचकट असतं ते सांगते. घरात नवी सून आली तर तिला आपण म्हणतो, मीठ अंदाजानं घाल. तिला कळतं. यंत्राला अंदाज कळत नाही. पातेलं चुलीवर ठेव म्हणायला विसरलात, तर ते रिकाम्या हवेत पाणी ओतेल. एकूण एक गोष्ट, एकूण एक पायरी, चुकता कामा नये अशी सांगावी लागते. क्लारानं हे शिकायला घेतलं तेव्हा शिकवायला ना पुस्तक होतं, ना वर्ग. नवऱ्याला पाहायचं होतं, की गणित न शिकलेल्या माणसाला हे जमतं का. तिच्या शब्दांत सांगायचं तर ती त्याच्या प्रयोगातला ससा झाली. आणि सशाला ते काम आवडलं. तुकडे जुळवून चित्र करायचं कोडं असतं ना, तसं तिला ते वाटायचं. वर हे कोडं सोडवलं की काही उपयोग होतो, याचं समाधान.

आता सारीपाटातलं दान आठवा. समजा मी विचारलं, चार कवड्या टाकल्या तर चारही उताण्या पडण्याची शक्यता किती? नाणं असतं तर कागदावर हिशेब झाला असता, कारण नाण्याच्या दोन्ही बाजू सारख्या. कवडी एकीकडे फुगीर, एकीकडे चपटी. प्रत्येक कवडीचा आकार वेगळा. कागदावरचा हिशेब इथं अडतो. मग काय करायचं? बसायचं आणि कवड्या टाकायच्या. पाचशे वेळा टाकायच्या, आणि चारही उताण्या किती वेळा पडल्या ते मोजायचं. उत्तर हातात. पेरणीआधी आपण शंभर बिया ओल्या गोणपाटात ठेवून किती उगवतात ते मोजतो, त्यातलं शहाणपणही असंच आहे.

१९४६ मध्ये स्टॅनिस्लाव उलाम नावाच्या गणितीला आजारपणात पत्ते खेळता खेळता हेच सुचलं. डाव जुळायची शक्यता कागदावर काढत बसण्यापेक्षा शंभर डाव खेळून मोजलेलं बरं. आणि हाताने शंभरच डाव होतात, यंत्रानं हजारो होतील. उलाम आणि फॉन नॉयमन यांनी मिळून ही युक्ती मोठ्या कामाला लावली. जुगाराच्या गावावरून तिला नाव पडलं 'मॉन्टे कार्लो पद्धत'. जिथं क्लारा आणि जॉन पहिल्यांदा भेटले, तेच गाव.

आता ते मोठं काम कोणतं, हेही सांगायला हवं. झाकून ठेवायचं नाही. ते काम अणुबॉम्बचं होतं. १९४५ मध्ये हिरोशिमा आणि नागासाकीवर बॉम्ब पडले होते. त्यानंतरही अमेरिकेत लॉस अलामोस या ठिकाणी नवे बॉम्ब बनवायचं काम चालूच राहिलं. बॉम्बच्या आत अतिशय बारीक कण फिरतात. एखादा कण कशावर आदळून दुसरीकडे वळतो, एखादा गिळला जातो, एखाद्यामुळे अणू फुटतो आणि आणखी दोन-तीन कण बाहेर पडतात. कोणत्या कणाचं काय होईल ते सांगता येत नाही. म्हणून यंत्राला प्रत्येक वळणावर जणू कवड्या टाकायला लावायच्या. पडलेल्या दानाप्रमाणे कणाचं नशीब ठरवायचं आणि ते पुठ्ठ्याच्या कार्डावर भोकं पाडून नोंदवायचं. अशी असंख्य कणांची गोष्ट चालवायची आणि शेवटी मोजायचं.

यंत्र कवड्या कशा टाकणार? त्याची फॉन नॉयमनची युक्ती साधी होती. एक मोठी संख्या घ्यायची, तिला तिनेच गुणायचं, उत्तराच्या मधले आकडे उचलायचे, की झाली नवी संख्या. तिला पुन्हा तिनेच गुणायचं. निघणारे आकडे कवड्यांसारखेच विस्कटलेले दिसतात.

जॉननं आराखडा काढला. त्या आराखड्यातून यंत्राला कळेल अशा शेकडो आज्ञा लिहून काढणं, हे क्लाराचं काम. तोवर एनियाक मेरीलँड राज्यातल्या अॅबरडीन या सैन्याच्या तळावर हलवलं होतं. १९४८ च्या एप्रिल-मे महिन्यांत क्लारा आणि निकोलस मेट्रोपोलिस हा शास्त्रज्ञ तिथं जाऊन राहिले. बत्तीस दिवस. आज्ञांची नवी पद्धत यंत्रात बसवायची, तपासायची, मग हिशेब चालवायचा. नळी उडाली की काम थांबायचं. कार्ड उलटसुलट झालं की उत्तर चुकायचं. चूक आपली की यंत्राची, ते शोधायचं. दिवस-रात्र पाळ्या. ती घरी परतली तेव्हा तिचं वजन पंधरा पौंडांनी, म्हणजे जवळजवळ सात किलोंनी उतरलं होतं, आणि तपासणीसाठी दवाखान्यात जावं लागलं. हे तिच्या नवऱ्यानं मित्राला पत्रात कळवलं होतं.

कॉम्प्युटरच्या इतिहासाचे अभ्यासक आज सांगतात, की आधुनिक पद्धतीचा प्रोग्राम प्रत्यक्ष यंत्रावर चालला, त्यातला हा अगदी पहिल्यांपैकी एक. पुढच्या वर्षभरात असे आणखी हिशेब झाले, त्यांचं कोडही तिच्याच हातचं. काम कसं झालं, कुठे अडलं, याची नोंदही तिनं लिहून ठेवली.

आणि आता आपल्या पावसाकडे येऊ. १९५० च्या मार्च महिन्यात हवामानाच्या शास्त्रज्ञांची एक तुकडी त्याच एनियाकपाशी गेली. ज्यूल चार्नी हा त्यांचा पुढारी. हवा कुठून कुठे वाहते, दाब कुठे वाढतो, कुठे कमी होतो, याचं गणित यंत्राकडून सोडवून घ्यायचं आणि उद्याचं हवामान आज सांगायचं, असा बेत. आभाळ त्यांना ठाऊक होतं. एनियाकची भाषा ठाऊक नव्हती. ती त्यांना क्लारानं शिकवली. त्यांनी आज्ञांची यादी लिहिली आणि शेवटची तपासणी तिनं केली. पाच आठवडे काम चाललं. चोवीस तासांच्या अंदाजाचा हिशेब करायला यंत्राला जवळजवळ चोवीस तासच लागले. म्हणजे उद्याचा अंदाज हातात पडेपर्यंत उद्या उजाडायचाच! पण ते सगळे खूश होते. आभाळाचं गणित यंत्राला जमतं, हे जगात पहिल्यांदा सिद्ध झालं होतं.

त्याच वर्षी या कामाचा लेख छापून आला. वर लेखक म्हणून तीन नावं, चार्नी, फ्योर्टॉफ्ट आणि फॉन नॉयमन. हा फॉन नॉयमन म्हणजे जॉन. क्लारा कुठे होती? शेवटी, आभाराच्या ओळीत. एनियाकचं कोड कसं लिहायचं ते शिकवलं आणि शेवटची यादी तपासून दिली, याबद्दल मिसेस के. फॉन नॉयमन यांचे आभार. तिचं पूर्ण नावसुद्धा नाही. 'क्लारा'चा नुसता 'के'.

बायांनो, मी असं म्हणत नाही की त्यांनी कृतघ्नपणा केला. आभार मानले, तेही मनापासून मानले असतील. पण शिकवणारीचं आणि तपासणारीचं नाव वर जात नाही, खाली आभारात जातं, हा नेम कुणी ठरवला? आणि क्लारालाही वाटायचं की आपण गवतातला नाकतोडा. त्यामुळे पुढची पन्नास-साठ वर्षं जगानं तेच धरून चाललं. मोठ्या गणितीची बायको, एवढीच तिची ओळख राहिली. तिच्या अर्धवट आठवणी, पत्रं आणि तिच्या हातच्या नोंदी अभ्यासकांनी अलीकडे, म्हणजे गेल्या पंधरावीस वर्षांत, नीट वाचल्या, तेव्हा कुठे कळलं की यंत्राशी बोलणारी बाई ही होती. नोंद होती म्हणून कळलं. नोंद नसती तर?

पुढचं आयुष्य थोडक्यात सांगते. १९५५ मध्ये जॉनला कॅन्सर असल्याचं कळलं. ८ फेब्रुवारी १९५७ ला तो गेला. कॉम्प्युटर आणि माणसाचा मेंदू यांच्यावरची त्याची व्याख्यानं अपुरी राहिली होती. त्यांचं पुस्तक १९५८ मध्ये निघालं आणि त्याची प्रस्तावना क्लारानं लिहिली. त्याच वर्षी तिनं कार्ल एकार्ट या शास्त्रज्ञाशी लग्न केलं आणि ती कॅलिफोर्नियात, ला होया या समुद्रकाठच्या गावी गेली. बाहेरून सगळं ठीक दिसत होतं. आतून मात्र ती वर्षानुवर्षं वरचेवर खचत आली होती. १० नोव्हेंबर १९६३ ला समुद्रात बुडून तिचा मृत्यू झाला. सरकारी तपासात ती आत्महत्या ठरली. वय बावन्न.

हे सांगावं की सांगू नये, मी विचार केला. सांगायचं ठरवलं. वडील तसे गेले, लेक तशी गेली, आणि दोघांचं दुःख घरातल्या घरात राहिलं. मन खचणं हा आजार आहे, त्यावर उपाय आहेत. तुमच्या घरात, गटात कुणी गप्प गप्प झालं असेल, जेवणातून, बोलण्यातून मन उडालं असेल, तर तिच्यापाशी बसा, तिला बोलतं करा. सरकारची 'टेली मानस' सेवा आहे, फोन नंबर १४४१६. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

क्लाराच्या कामाचं पुढे काय झालं? जॉनच्या प्रिन्स्टनच्या यंत्राची रचना समोर ठेवून जगभर यंत्रं तयार झाली. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कामाला लागलेलं टिफ्रॅक हे यंत्र त्याच धाटणीचं. मॉन्टे कार्लो पद्धत बॉम्बच्या कामातून जन्मली, पण तिथेच राहिली नाही. कॅन्सरच्या रुग्णाला किरणं किती आणि कुठे द्यायची, याच्या हिशेबातही ती वापरतात. आणि हवामानाचं म्हणाल, तर पुण्यात पाषाणला उष्णदेशीय हवामानाची संस्था आहे. तिथं २०२४ पासून 'अर्क' नावाचा महासंगणक चालतो. एकच हिशेब सुरुवातीचे आकडे थोडे थोडे बदलून पुन्हा पुन्हा करायचा आणि किती वेळा पाऊस आला ते मोजायचं, अशी आता रीत आहे. त्यावरून पावसाची शक्यता किती ते सांगता येतं. म्हणजे पुन्हा कवड्याच! म्हणून लक्षात ठेवा, शक्यता सत्तर टक्के म्हणजे दहातली सात दानं पावसाची, तीन उन्हाची. पाऊस आला नाही तर अंदाज खोटा ठरला असं नाही. पण कांदा झाकून ठेवायला सात दानं पुरेशी आहेत.

आता आपल्या गटाकडे वळते. मागे एका गटात बँकेचं कर्ज मंजूर झालं. सत्कार झाला, फोटो निघाला. कागद सगळे एका सुनेनं तयार केले होते. तीन वेळा तालुक्याला खेटे घातले, हप्त्यांचा हिशेब मांडला, चूक शोधून काढली. फोटोत ती नव्हती, चहा करायला आत गेली होती. मी तिला म्हटलं, अगं, काम तर तू केलंस. ती म्हणाली, "मी कुठं काय केलं, नुसतं लिहून दिलं." मला क्लाराच आठवली. क्लारानंही नुसतं लिहूनच दिलं होतं. त्या लिहिण्यावर यंत्र चाललं.

म्हणून येत्या बैठकीत एवढं करा. गटाच्या नोंदवहीत ठराव लिहिता, रक्कम लिहिता, सह्या घेता. त्यात एक रकाना वाढवा. काम कुणी केलं? तिथं पूर्ण नाव लिहा. 'अमक्याची बायको' नको, 'तमक्याची सून' नको, नुसतं पहिलं अक्षरही नको. जिनं हिशेब मांडला तिचं, जिनं दुसरीला फोनवरून पैसे पाठवायला शिकवलं तिचं, जिनं चूक पकडली तिचंही. आणि तुमचं नाव लिहायची वेळ आली, तर 'मी कुठं काय केलं' म्हणून हात मागे घेऊ नका. वही पुढे ओढा आणि लिहा.

चला, आभाळ भरून आलेलं दिसतंय. झाकाझाकीला लागा.